कुसळी घाटातली ट्रायल

चेअरमनसाहेब, तुम्ही एका ड्रायव्हरला भर घाटात चोर ठरवलंत आणि मग चहा पाजून सोडून दिलंत. चोर म्हटल्याचा राग माझा कधीच विरला. चहाचा अजून तसाच आहे.

तुमचं नाव इथं घालत नाही. भितो म्हणून नव्हे. नाव घातलं की लोक नावावर बोलत बसतात आणि विषय बाजूला पडतो. विषय बाजूला पाडण्यात तुमचा हात धरणारा आपल्या तालुक्यात अजून जन्मला नाही; त्यात मी कशाला मदत करू.

तर चैत्र होता. कुसळीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, गाडीनं मान टाकली.

तालुक्याच्या सहकारी संघाची गाडी, माझ्या हातात येऊन बारा वर्षं झालेली. मागं सरकी पेंडीची पोती, वरच्या वाड्यांना पोचवायची. शेजारी माझी बायको कला; तिचं माहेर घाटमाथ्यावर, म्हणून पेंडीबरोबर तिचीही खेप. चपला तिनं दारातच काढून ठेवल्या होत्या. माझ्या केबिनमध्ये पायताण चालायचं नाही. काचेपुढं बिरोबाचा फोटो, त्याला भंडारा, उदबत्ती. मी सगळी वर्षं गाडी अनवाणीच चालवली. उन्हाळ्यात इंजिनानं खालचा पत्रा तव्यासारखा तापायचा, त्यावर सासऱ्यानं दिलेली घोंगडी टाकली की काम भागायचं.

मी तिसरा गिअर काढून दुसरा टाकला. दुसऱ्यातही गाडी हुंदके देऊ लागली. ॲक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकवला. काही नाही. पहिला टाकला. आता गाडी चालत होती की उभी होती, हे बघायला बाहेर झाडाकडं बघावं लागत होतं.

"बैलगाडी बरी," कला म्हणाली.

"ऊन हाय. उन्हात सगळ्याच गाड्या रडत्यात."

"मागनं कोण येतंय बघा."

आरशात बघितलं. एक म्हातारा दोन शेरडं घेऊन चालत येत होता. पुढच्या वळणावर त्यानं आम्हाला गाठलं. खिडकीच्या बरोबरीनं चालता चालता त्यानं चंची काढली, पान लावलं, तोंडात टाकलं आणि मग विचारलं, "पावणं, ढकलू का जरा?"

कलेनं पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्याची शेरडं आमच्या पुढं निघून गेली. त्यातल्या एकीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. स्टँडमागच्या चिंचेखाली तालुक्याचे ड्रायव्हर बसायचे, त्यांच्यात मी वैद्य होतो. गाडी तापते, गाडी खेचत नाही, गाडी धूर सोडते, सगळी पोरं माझ्याकडं यायची. मी बॉनेटवर तळहात ठेवायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो. सांगितलेलं खरं निघालं की मी चहा घ्यायचो. खोटं निघालं की म्हणायचो, तू गाडी नीट ऐकलीच नाहीस. असं माझं ज्ञान होतं.

त्या ज्ञानानं मी माझी गाडी तपासायला घेतली. एअर फिल्टर काढून झटकला. डिझेलचा फिल्टर बदलला. टाकीत पाणी गेलं असेल म्हणून तळातलं डिझेल तळहातावर घेऊन नाकाला लावलं, आणि चिंचेखालच्या पोरांसमोर थोडं जिभेलाही लावलं. दोन दिवस ढेकराला तीच चव येत होती. ब्रेक धरून राहत असतील म्हणून चाकांच्या ड्रमवर हात ठेवत फिरलो. एक ड्रम खरंच तापला होता, हात भाजला, पण तो उन्हातल्या बाजूचा होता. सायलेन्सर काजळीनं तुंबला असेल म्हणून गाडीखाली उताणा पडून हातोडीनं ठोकला. काजळी पडली, तोंडावर. तसाच घरी गेलो तर आमचं कुत्रं भुंकलं.

गाडी मात्र तशीच. सपाटीला बरी. चढ आला की म्हातारी. आणि म्हातारी असून खायला वाघीण. दोन-दोन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढायचा म्हणजे डिझेल जाणारच. लिटरला चार देणारी गाडी तीनवर आली आणि मग तुमचं बोलावणं आलं.

तुम्ही पंख्याखाली बसला होतात. दोन संचालक सोफ्यावर.

"बाबासो लेंगरे," तुम्ही म्हणालात. पूर्ण नाव घेतलंत तेव्हाच मी समजलो. "गाडी डिझेल पिती म्हणं."

"व्हय साहेब. खेचत न्हाई. पाय तळाला लावला तरी उठत न्हाई."

"तूच तर मोठा डॉक्टर. तुलाच कळंना?"

"न्हाई कळत."

हे मी बोललो त्याची चिंचेखाली चार दिवस चर्चा झाली.

"पोपटशेठकडं घाल गाडी," तुम्ही म्हणालात. पोपटशेठ म्हणजे तुमचा मेव्हणा. संघाच्या सगळ्या गाड्या त्याच्याच गॅरेजात जायच्या. स्वतः कधी पाना हातात धरायचा नाही, पण गाडीभोवती असा फिरायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाजारात म्हैस घ्यायला आलाय.

गाडी गॅरेजात लावायच्या आधी मी माझं घरदार उतरवलं. बिरोबाचा फोटो, भंडाऱ्याची पिशवी, पाण्याचा कॅन, घोंगडी. गॅरेजातली पोरं ऑइलच्या पायांनी केबिनमध्ये चढतात. सासऱ्यानं स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी सनगराकडनं विणून घेतली होती, लग्नात जावयाला दिली होती. तिच्यावर कुणी बूट ठेवलेला मला खपणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी पोपटशेठनं बोलावलं. "नॉझल गेलं हुतं. बदललं. ट्रायल घे."

तो शेजारी बसला, त्याच्या पोरानं गाडी काढली, मी मागं उभा. माळाच्या चढाला गाडी अशी पळाली की माझी टोपी उडाली. मी पोपटशेठच्या पाया पडायचा बाकी होतो.

घरी आलो. फोटो लावला, भंडारा लावला, घोंगडीची नीट चौघडी करून पायाखाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी पेंड भरून घाटाला लागलो. तिसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली.

पुन्हा गॅरेज. पुन्हा माझं घरदार खाली. "पंप गेला हुता. नवा घातला." ट्रायल घेतली, गाडी वाऱ्यासारखी. पुन्हा घाट, पुन्हा म्हातारी. तिसऱ्यांदा आठ दिवस गाडी त्याच्या दारात. "रिंगा गेल्या हुत्या. इंजिन खोललं सगळं. आता दहा वर्षं बघायला नको." ट्रायल झाली, मोरासारखी गाडी. दुसऱ्या दिवशी घाटात त्या शेरडांच्या म्हाताऱ्यानं मला लांबूनच ओळखलं आणि सावलीत बसून घेतलं. त्याला घाई नव्हती. त्याला माहीत होतं, मी त्याच्या मागंच राहणार आहे.

मग मी देवाकडं गेलो. घाटमाथ्यावरच्या बिरोबाला नारळ फोडला, म्हटलं, बाबा, तुझा फोटो ह्या केबिनमध्ये आहे, निदान तुझ्या अब्रूसाठी तरी गाडी वर खेच. देवानं काही केलं नाही. देवाला बिचाऱ्याला काय करता येणार होतं, ते पुढं सांगतो.

इतकं झाल्यावर तुम्हाला जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. गॅरेजात गाडी पळते. पोपटशेठच्या हातात पळते. फक्त बाबासो लेंगरेच्या हातात, फक्त घाटात, जिथं बघायला कुणी नाही तिथं, ती पळत नाही आणि डिझेल पिते. ह्याचा अर्थ शाळेतलं पोरही लावेल. तुम्ही तर चेअरमन.

"कुठं विकतोस?" तुम्ही विचारलंत.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "काय साहेब, पेंड?"

सोफ्यावरचे दोघं हसले.

"डिझेल, बाबासो. घाटातल्या त्या टपरीवर देतोस का वरच्या वाडीत सासरवाडीला?"

"साहेब, बारा वर्षं..."

"बारा वर्षं विकतोस?"

परत हसले. तुम्ही म्हणालात, "तुझ्या शब्दावर संघानं अख्खं इंजिन केलं. आता सोमवारी तुझा चेला निवृत्ती गाडी चालवंल. तीच गाडी, तीच भरती, तोच घाट. आम्ही जीपमधनं मागं येतो. गाडी नाही चढली तर तू खरा. चढली तर तू घरी, आणि पुढचं पोलीस बघतील."

घरी हे सांगायला गेलो तर माझ्याआधी बातमी पोचली होती. कला भाकरी थापत होती. थापटायचं थांबली नाही, वर बघितलंही नाही. नुसतं विचारलं, "अवं, तुम्ही इकलं का?"

"न्हाई."

"एकदाच इचारते. परत इचारणार न्हाई."

"न्हाई इकलं."

"बरं," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. परत खरंच विचारलं नाही. पण त्या भाकरीला त्या दिवशी मीठ नव्हतं, आणि कलेच्या हातनं असं कधी व्हायचं नाही.

सोमवार आला.

निवृत्ती आधीच गाडीजवळ उभा होता. चांगला पोरगा, माझ्याच हाताखाली शिकलेला, चिंचेखाली माझ्याकडून नाडी बघायला शिकलेला. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

"आण्णा, मी मागितली न्हाई गाडी."

"माहितीय मला. चावी धर."

तुम्ही जीपमधनं सांगितलंत, सामान काढून घे तुझं, परत यायचं नाही तुला ह्या केबिनमध्ये. मी फोटो काढला. भंडारा काढला. कॅन काढला. घोंगडी ओढून काढली, झटकली, खांद्यावर टाकली. निवृत्ती बुटासकट वर चढला.

"बूट काढ की रं. केबिनमध्ये देव हाय."

"देव तर तुम्ही घेऊन चाललाय, आण्णा."

त्याच्याजवळ पोपटशेठ बसला. मी मागं पोत्यांवर चढलो, घोंगडी टाकून बसलो, मांडीवर बिरोबाचा फोटो. मागनं जीपमध्ये तुम्ही आणि दोघं संचालक. असा आमचा छबिना निघाला.

घाट सुरू झाला आणि मी हात जोडले. आयुष्यभर मी देवाला एकच मागितलं होतं, गाडी चढू दे. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, बाबा, गाडी पाड. बंद पाड, तापव, रडव, काहीही कर. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मी डोळे मिटून श्वास धरला. निवृत्तीनं गिअरसुद्धा बदलला नाही. गाडीनं ते वळण असं घेतलं जसं एखादं तरणं खोंड बांध ओलांडतं. शेरडांचा म्हातारा कडेला उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. गाडी पुढं गेल्यावर त्यानं मला वर पोत्यांवर बसलेलं बघितलं आणि दोन्ही हात वर करून मला शाबासकी दिली. त्याला वाटलं, शेवटी मी दुरुस्त केली.

घाटमाथ्यावर टपरीपुढं गाडी थांबली. तुम्ही जीपमधनं उतरलात. शांत होतात. रागावला असतात तर बरं झालं असतं.

"उतर खाली बाबासो. आता काय म्हणणं हाय तुझं?"

मी खाली उतरलो. डोक्यात नुसता वारा. निवृत्ती खाली मान घालून टायरला लाथ मारत होता. पोपटशेठनं पान थुंकलं आणि म्हणाला, "गाडीत काय दोष न्हवताच. दोष माणसात हाय. मी पहिल्यापासनं सांगतोय."

"घरी जा," तुम्ही म्हणालात. "चालत जा. बाकीचं उद्या."

मी पोत्यांवरून घोंगडी ओढली आणि तिची घडी घालायला लागलो. हाताला सवय होती, केबिनमध्ये घालायची तशीच चौघडी पडत गेली. घडी पडली आणि वर आला तो भाग मी बघत राहिलो. काळ्या लोकरीत एक चपटा डाग होता, ओल्या गुळासारखा चकचकीत. लोकर तिथं घासून गुळगुळीत झाली होती, दबून पातळ झाली होती, आणि त्यात आडव्या रेघा उठल्या होत्या. ॲक्सिलरेटरच्या पेडलवर असतात तशाच. अगदी तेवढ्याच. मोजून बघायची गरज नव्हती, बारा वर्षं ते पेडल माझ्या तळपायाखाली होतं.

एरवी मी घोंगडी एकपदरी टाकायचो. त्या चैत्रात पत्रा फारच तापला म्हणून पहिल्यांदाच चौघडी केली. पेडल दाबलं की ते पत्र्याला टेकायला पाहिजे; ते घोंगडीला टेकत होतं, अर्ध्या वाटेत. आणि माझ्या अनवाणी पायाला वाटत होतं, तळ लागला. आणखी कुठं दाबू. गाडीला मी महिनाभर अर्ध्याच्या वर पाय दिलाच नव्हता, आणि तिच्या नावानं रडत होतो. गॅरेजात न्यायचो तेव्हा घोंगडी मीच काढून घ्यायचो, ऑइल लागू नये म्हणून. गाडी पळायची. परत आणली की मीच घालायचो. बिरोबाला साकडं घालायला गेलो तेव्हाही गाडीत माझ्या पायाखाली तीच घोंगडी होती.

मी घोंगडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. चोर व्हावं की खुळं व्हावं, हे मला तिथल्या तिथं ठरवायचं होतं. सोपं नव्हतं. चोराला गावात एक वजन असतं. लोक मागं बोलतात पण समोर वाट देतात. खुळ्याला पोरंसुद्धा हाक मारतात. आणि मी नुसता खुळा नव्हतो, चिंचेखालचा वैद्य होतो; जिभेला डिझेल लावून रोग सांगणारा. पण घरी कला होती. खुळा नवरा तिच्या ओळखीचा होता. चोर नवरा तिला नवीन होता.

"साहेब," मी म्हणालो, "निवृत्तीला परत खाली जाऊन वर यायला सांगा. पायाखाली ही घोंगडी घालून."

"आता करणी काढतोस व्हय रं?" एक संचालक म्हणाला.

"करणीच हाय. पण माझीच."

मी पेडल दाखवलं, डाग दाखवला. तुम्हाला समजलं नाही, निवृत्तीला समजलं. त्यानं एकदा डागाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि त्याचा चेहरा असा झाला जसा सासऱ्याचं धोतर सुटलेलं बघून जावयाचा होतो. तो केबिनमध्ये चढला.

"बूट काढ," मी म्हणालो.

"आता कशाला?"

"घोंगडी हाय ती."

त्यानं बूट काढले.

गाडी दोन वळणं खाली गेली, वळली आणि वर यायला निघाली. ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंत. आधी आवाज आला, लांबून, म्हशीला आऊत ओढायला लावल्यासारखा. मग बॉनेट दिसलं. मग बराच वेळ नुसतं बॉनेटच दिसत राहिलं. टपरीवाला बाहेर आला. गाडी एका सुतानं पुढं यायची, निवृत्तीचं डोकं खिडकीतनं बाहेर, ओरडून सांगत होता, "तळाला लावलाय पाय, आण्णा, तळाला." गाडीच्या मागनं दोन शेरडं आली, बाजूनं आली, पुढं निघून गेली.

आधी टपरीवाला हसला. मग दोघं संचालक. मग तुम्ही. चेअरमनसाहेब, तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून हसलात, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसलात. "घोंगडी," म्हणायचात आणि परत सुरू. "अरं, महिना झाला, घोंगडी." सगळ्यात उशिरा पोपटशेठ हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं.

मीही हसलो. काय करणार. हसण्यासारखंच होतं. आज लिहितानाही हसू येतं.

तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "जा, घाल तुझा देव परत केबिनमध्ये. चोर नाहीस रं तू. तुला चोरी जमायची न्हाई." आणि टपरीवाल्याला म्हणालात, "सगळ्यांना चहा. ड्रायव्हरला डबल." मी डबल चहा पिलो. जीव भांड्यात पडला होता, चहा गोड लागला.

संध्याकाळी घरी गेलो. कलेला सगळं सांगितलं, शेरडांसकट, आवाज काढून. म्हटलं आता हसेल. ती हसली नाही. तिनं घोंगडी मांडीवर घेतली, डागावरनं हात फिरवला, आणि मग म्हणाली, "म्हंजे गाडीचं काय गेलंच न्हवतं."

"तेच तर सांगतोय. खुळा नवरा हाय तुझा."

"ते ऱ्हाऊ द्या. मग तुमच्या पोपटशेठनं तीनदा काय नीट केलं?"

मी टोपी काढून बाजूला ठेवली.

"नॉझल गेलं हुतं म्हणाला. मग पंप गेला हुता म्हणाला. मग अख्खं इंजिन खोललं. हे सगळं गेलं हुतं तर ते घोंगडीखालनं नीट कसं झालं? आणि न्हवतं गेलं तर त्यानं बदललं काय?"

साहेब, घाटमाथ्यावर निवृत्ती गाडीत होता आणि टपरीपुढं आम्ही सहा माणसं होतो. सहाही हसत होतो. कलेला त्या हसण्यात घेतलं नव्हतं, म्हणून तिला दिसलं. निवृत्तीनं मला नंतर सांगितलं, तुमच्या मेव्हण्यानं केबिनमध्ये वर येताना त्याला विचारलं होतं, "गाडी चढंल न्हवं रं नक्की?" ज्यानं इंजिन नवं केलंय, तो असं का विचारेल?

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खोलीत आलो. म्हणालो, "साहेब, एक विचारायचं होतं. गाडीत दोष नव्हता, तर गॅरेजनं..."

तुम्ही संचालकांकडं बघितलंत. "आज काय पायाखाली? गोधडी?"

हसले सगळे. मीही हसलो, सवयीनं. आणि बाहेर आलो.

त्यानंतर मी कितीदा विचारलं. तुमच्या वाड्यावर, मार्केटमध्ये, लग्नात तुमच्या पंगतीत शेजारी बसून. दर वेळी "घोंगडी" म्हणून झालं. वार्षिक सभेत हात वर केला. व्यासपीठावरून आवाज आला, नाव सांगा. मागनं कुणीतरी ओरडलं, घोंगडीवाले. सभा दणाणली. मी उभा होतो, हात वर, आणि सहाशे सभासद हसत होते. त्यातले अर्धे पेंडीचे गिऱ्हाईक. पेंड महाग का झाली म्हणून सभेला आलेले. गॅरेजची बिलं पेंडीच्या दरातनंच निघायची; प्रश्न त्यांचाच होता. पण हसणाऱ्या माणसानं तोंड उघडून प्रश्न कसा विचारायचा, हे तुम्ही कुणाला शिकू दिलं नाही. तोंड आधीच उघडं असतं.

मला वाटायचं, मी स्वतःची चेष्टा केली तर माणसं माझ्या बाजूला येतील. म्हणून मी ती गोष्ट स्वतःच रंगवून सांगत फिरलो, चिंचेखाली, टपरीवर, पोरांच्या शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा. आवाज काढायचो, शेरडं काढायचो. गोष्ट इतकी चांगली झाली की तिच्यामागं काय होतं ते मीच झाकत गेलो. ह्याच्यापेक्षा स्वस्त वकील तुम्हाला कुठं मिळाला असता?

आता गोष्ट वेगळी करून सांगतो. आता तुम्ही संघात नाही, त्याहून मोठ्या खुर्चीत आहात. पोपटशेठच्या गॅरेजाचं शोरूम झालंय. निवृत्तीची स्वतःची गाडी आहे. मी घरी बसलोय, आणि लिहितोय. कला परवाही म्हणाली, कशाला काढताय जुनं, लोक पुन्हा हसतील. मी म्हणालो, हसू दे. ते हसतील तेवढ्या वेळात निदान पानभर वाचतील.

खुळेपणाचा माझा वाटा मी उचललाय, घाटमाथ्यावर, सगळ्यांसमोर, हातात घोंगडी धरून. तुम्ही मला पोलिसात देणार होतात, तो राग मी सोडलाय. चोर म्हणालात, तोही सोडलाय. मला फक्त एक सांगा. गाडीत काही गेलं नव्हतं हे तुम्ही माझ्याइतकंच स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत. तिथंच, त्याच मिनिटाला, तुमचा मेव्हणा तुमच्या शेजारी उभा होता. तुम्ही त्याला विचारायला तोंड उघडलंत आणि हसलात. हसण्यात किती हुशारी लागते ते मला आता कळतंय.

हसून झालं असेल तर बोला साहेब. माझ्या गाडीचं काय गेलं होतं?